अडीच तास धरून चला

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे. ते काल तेवढंच होतं आणि उद्या सरकार बदललं तरी तेवढंच राहील. चौक ते विमानतळ हे अंतर मात्र आपण कुणाला विचारतो त्यावर ठरतं. जमिनीच्या दलालाला विचारलं तर पंधरा मिनिटं. मोबाइलच्या नकाशाला विचारलं तर पाऊण तास. नाक्यावरच्या रिक्षावाल्याला विचारलं तर तो आधी आभाळाकडे बघतो, मग "आज वार काय?" असं विचारतो आणि म्हणतो, "दीड तास धरून चला." आमच्या आत्याला विचारलं तर ती "विमान किती वाजता?" असं विचारते आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगते, "मग रात्रीच निघा."

आमचं चौक खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. इकडे पनवेल, तिकडे खोपोली, मधूनच एक रस्ता कर्जतकडे वळलेला आणि पाठीशी नेढं असलेला इर्शाळगडाचा सुळका. गावाला प्रवासाची सवय फार जुनी आहे. फक्त तो प्रवास बहुतेक वेळा दुसऱ्यांचा असतो. ते जातात, आम्ही बघतो आणि कुणी काच खाली करून रस्ता विचारला की मनापासून सांगतो.

हल्ली कर्जतच्या रस्त्याला लागलं की शेतात भातापेक्षा पाट्या जास्त उगवलेल्या दिसतात. एन. ए. प्लॉट, फार्म हाउस, सेकंड होम. प्रत्येक पाटीवर मिनिटं लिहिलेली. विमानतळ 15 मिनिटं, अटल सेतू 20 मिनिटं, रेल्वे स्टेशन 2 मिनिटं. यातलं स्टेशनाचं तेवढं खरं असतं, कारण ते समोर दिसतं. तिथे थांबणाऱ्या गाड्या किती, हा प्रश्न वेगळा आणि तो पाटीवर मावत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाची कल्पना निघाली 1997 मध्ये. भूमिपूजन झालं 18 फेब्रुवारी 2018 ला. उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला आणि पहिली प्रवासी विमानं 25 डिसेंबर 2025 ला. मधल्या काळात उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावं उठली, नाव कुणाचं द्यायचं यावर मोर्चे निघाले. पाटीवरची पंधरा मिनिटं मात्र हलली नाहीत. नसलेल्या विमानतळापासूनही आम्ही पंधरा मिनिटांवर होतो आणि असलेल्या विमानतळापासूनही पंधरा मिनिटांवरच आहोत.

ही पंधरा मिनिटं येतात कुठून, ते मी एकदा बांधावर उभं राहून ऐकलं आहे. दलाल पांढऱ्या शर्टातला, शर्टाच्या बटणात गॉगल अडकवलेला, दोन हातांत दोन मोबाइल. समोर मुंबईहून आलेलं जोडपं. साहेबांचे पांढरे बूट एव्हाना चिखलात गेलेले, त्यामुळे त्यांचं लक्ष जमिनीकडे होतं, पण वेगळ्या कारणाने. बाईंनी नकाशा उघडून दाखवला.

"हे तर बेचाळीस मिनिटं सांगतंय."

"मॅडम, तो आत्ताचा रस्ता धरतो. आपण पुढचा रस्ता धरतोय."

"पुढचा म्हणजे?"

"मंजूर आहे."

आणि गंमत अशी, की रस्ता खरंच मंजूर आहे. 19 मार्च 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने जेएनपीए बंदराजवळच्या पागोटेपासून चौकपर्यंतच्या सहापदरी महामार्गाला मान्यता दिली. खर्च साडेचार हजार कोटींचा, लांबी 29.219 किलोमीटर. दशांशानंतर तीन आकडे म्हणजे शेवटचा मीटरसुद्धा मोजलेला. ज्या गावाचं नाव सांगितल्यावर ठाण्यातली माणसंही "कुठला चौक?" असं विचारतात, ते दिल्लीत मंत्रिमंडळाच्या टेबलावर वाचलं गेलं, याचा आम्हाला व्हायचा तेवढा आनंद झाला. त्याच वेळी सरकारने एक गोष्ट लेखी कबूल केली. पळस्पे फाटा, डी-पॉइंट, कळंबोली जंक्शन आणि पनवेल इथल्या कोंडीमुळे सध्या बंदरापासून महामार्गाला लागायला वाहनांना दोन ते तीन तास लागतात. हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो, पण आमच्या सांगण्यावर शिक्का नव्हता.

तसं पाहिलं तर या टापूत किलोमीटरला कधीच मान नव्हता. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की आधी होडीने पनवेल बंदरात यायचा. म्हणजे निघण्याची वेळ भरती-ओहोटीने ठरवायची, त्याच्या घड्याळाने नाही. पनवेलहून चौक, चौकहून खोपोली आणि पुढे बोरघाट. घाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता 1830 मध्ये झाला. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी दमून थांबली. मग उतारूंनी पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळा गाठायचा आणि तिथे दुसरी गाडी धरायची. 1863 मध्ये लोहमार्ग सलग झाला आणि मुंबई-पुणे प्रवासातलं नाट्य बरंचसं संपलं. ते पुढे द्रुतगती मार्ग बांधून आपण घाटात पुन्हा सुरू केलं. दर शनिवारी सकाळी त्याचा प्रयोग असतो आणि आमच्याकडची मंडळी जुन्या रस्त्याच्या कडेला उभी राहून तो फुकट बघतात.

सरळ रेषेतलं अंतर आणि पायाखालचं अंतर यांच्यातला फरक शिकायचा असेल तर माथेरानचं उदाहरण घ्यावं. मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौकला होता. संध्याकाळचे फिरायला म्हणून ते डोंगर चढू लागले. दुसऱ्या दिवशी वन ट्री हिलच्या बाजूने थेट माथ्यावर पोचले आणि रामबागेच्या वाटेने उतरले. म्हणजे माथेरान साहेबांना सापडलं ते आमच्या गावातून. अर्थात आमच्या डोंगरवाड्यांतल्या ठाकरांना ते हरवलेलं कधीच नव्हतं. पण 1907 मध्ये छोटी गाडी सुरू झाली ती नेरळहून. आमच्या वाट्याला आला तो वर एक 'चौक पॉइंट'. पर्यटक तिथे उभे राहून खाली आमचं गाव बघतात, फोटो काढतात आणि नेरळमार्गे घरी जातात. कावळ्याला तिथून इथे यायला काही मिनिटं पुरावीत. आम्हाला गाडीने जायचं तर आधी कर्जत, मग नेरळ, मग घाट चढून दस्तुरी, आणि तिथून पुढे गाडी बंद, म्हणून पायी. तोवर कावळ्याची दुपारची झोप झालेली असते.

एक अंतर असं आहे, की त्यावर विनोद करवत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी अशी की खालून बोट दाखवून सांगावी, ती तिथे. पण वर जायला रस्ताच नव्हता. यंत्रं चढवता आली नाहीत, पाऊस आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर उडालं नाही. शेकडो माणसं निसरड्या पायवाटेने चढून गेली आणि हातांनी माती उपसत राहिली. त्या दिवसांत चौकला कुणी 'किती लांब आहे?' असं विचारलं, तर उत्तर देणारा नुसताच वर बघायचा.

तर मुद्दा 1,930 किलोमीटरचा. हा आकडा काढतात कसा? आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक पृथ्वीगोल होता. त्यावरचा आफ्रिका मुलांच्या बोटांनी पुसट झालेला. गुरुजी त्यावर दोरा ताणून धरायचे. दोन शहरांवर दोन टोकं दाबायची, दोरा घट्ट ओढला की तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. हेच हवाई अंतर. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ सरळ दिसते, पण ती लांबची असू शकते. दुबईपुरता हा फरक किरकोळ. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा मात्र पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखाकडे सरकतो. त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात बघणाऱ्याला वाटतं, पायलटचा रस्ता चुकला.

आता वेळ. प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी साधारण साडेआठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जातं. भागाकार सोपा आहे. मुंबई-दुबईला सव्वादोन तास पुरायला हवेत. पण तिकिटावर सव्वातीनच्या आसपास लिहिलेले असतात. वरचा तास गेला कुठे? तर त्यातला काही जमिनीवर गेला. कंपन्या वेळ मोजतात ती विमान हवेत उडाल्यापासून नव्हे. चाकांना लावलेले चॉक काढले आणि विमान जागेवरून हललं, की घड्याळ सुरू. तिकडे जाऊन पुन्हा चॉक लावले, की बंद. (आमचाही हिशोब चौकापासून चौकापर्यंतच असतो, पण ते असो.) या दोन चॉकांच्या मध्ये धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, पुढच्या विमानांच्या मागे रांगेत थांबणं आलं, चढणं, वळणं, उतरणं आलं. मुंबईला सहार विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग. गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानाला वरच ताटकळत ठेवतात. ते ठरलेल्या जागी लंबगोल फेऱ्या मारत राहतं, एक फेरी साधारण चार मिनिटांची. पळस्प्याला निदान खाली उतरून शेंगदाणे तरी घेता येतात.

शिवाय वारा. आपल्या अक्षांशांच्या जरा उत्तरेला, खूप उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, हिवाळ्यात तर फारच. दुबईला जाणारं विमान या वाऱ्याच्या तोंडावर जातं, येणारं पाठीवर घेऊन येतं. म्हणून जाताना वेळ थोडा जास्त, येताना थोडा कमी. हे सगळं जमेस धरून, वर उशिराचा ठपका येऊ नये म्हणून आणखी थोडी मिनिटं गाठीशी बांधून कंपनी वेळापत्रक लावते. मग विमान 'वेळेच्या दहा मिनिटं आधी' पोचतं आणि पायलट ते अभिमानाने जाहीर करतो. थोडक्यात, कोट्यवधींची यंत्रसामग्री, उपग्रह आणि हवामानखातं पदरी असूनही विमान कंपन्या शेवटी आमच्या रिक्षावाल्याच्याच पंथातल्या. सव्वातीन तास धरून चला.

माझा आतेभाऊ दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. त्याचं तिकीट आलं की ते आधी आत्याच्या हातात जातं. चष्मा लावून, तिकीट खिडकीच्या उजेडात धरून ती वेळा वाचते. जाताना : सुटणार पहाटे 4.15, पोचणार 6.00. येताना : सुटणार रात्री 10.00, पोचणार 2.30. तिने बोटांवर हिशोब केला आणि चष्मा काढून विचारलं, "जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार? येताना घाट लागत असणार."

मी तिला घड्याळांचं सांगितलं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. विमान पोचतं तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजलेले असतात, पण तिकडे सहाच. जाताना दीड तास मिळतो, येताना तो परत द्यावा लागतो. आत्याला हे पटायला जड गेलं नाही. तिच्या सासऱ्यांच्या काळात मुंबईचीच दोन घड्याळं होती. देशाची प्रमाणवेळ 1906 साली लागू झाली, तरी मुंबई 1955 पर्यंत स्वतःची वेगळी वेळ धरून बसली होती, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. सासरे कुणी वेळ विचारली की उलट विचारायचे, "मुंबईची, की स्टँडर्ड?" त्यांच्या मानाने दुबईचा दीड तास म्हणजे काहीच नव्हे. तसा दुबईचा आणि आपला व्यवहारही जुनाच. 1966 पर्यंत तिथल्या बाजारात रुपयाच चालत होता.

"म्हणजे खरं धरलं तर जायला सव्वातीन आणि यायला तीन?" आत्याने विचारलं.

"हो."

"बरोबर आहे. बैलसुद्धा घराकडे तोंड केलं की झपाझप चालतात."

वाऱ्याचं प्रकरण मी मग सांगितलंच नाही. बैलांमध्ये बसत होतं, तेवढं पुरे होतं.

खरा प्रवास आदल्या दिवशी सकाळी सुरू होतो. सामानाची मर्यादा तीस किलो. बॅग भाताच्या गिरणीतल्या काट्यावर नेली जाते, कारण घरातल्या काट्यावर कुणाचा विश्वास नसतो. काटा 34 किलो 600 ग्रॅम दाखवतो. गिरणीवाला तटस्थपणे म्हणतो, "साडेचार काढा." मग तिथेच, कोंड्याच्या धुळीत, बॅग उघडली जाते. वर पोह्याचे पापड आणि मिरगुंडं, त्याखाली लसणाची चटणी दोन पिशव्यांत घालून तिसऱ्या पिशवीत ठेवलेली, कोकमं, तांदळाचं पीठ, कडव्या वालांची थैली, आणि अगदी तळाशी, टॉवेलात, मग वर्तमानपत्रात, मग पुन्हा टॉवेलात गुंडाळलेली सुकट. तीन आवरणांतूनही ती स्वतःची ओळख लपवत नाही. आत्या विचार करते, एकेक वस्तू हातात घेऊन जोखते, आणि शेवटी निर्णय घेऊन आतेभावाचे बूट, दोन पँटी आणि जाकीट बाहेर काढते.

"आई, मी घालू काय तिकडे?"

"दुबईत कपडे मिळतात. वाल मिळतात का?"

काटा पुन्हा बघितला जातो. तीस किलो शंभर ग्रॅम. गिरणीवाला म्हणतो, "शंभर ग्रॅमला कोण विचारतंय." एवढं बोलून त्याने विमान कंपनीच्या वतीने निर्णय दिलेला असतो.

मग निघण्याची वेळ. नवं विमानतळ व्हायचं होतं तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे जायचं सहारला. रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर. विमान पहाटे सव्वाचारला. कंपनी म्हणते तीन तास आधी या, म्हणजे सव्वा वाजता. अडीच तास वाटेत धरले तर पावणेअकराला निघालं तरी चालेल. हे गणित मी मांडलं. आत्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग ती एकेक धरू लागली. पळस्प्याला अडकलो तर? अर्धा तास धर. वाशीच्या पुलावर अपघात झाला तर? अर्धा तास. पंक्चर झाली तर? टायर बदलायला ड्रायव्हरला येतं की नाही कोण जाणे, पाऊण तास धर. पासपोर्ट घरी राहिला आणि परत यावं लागलं तर? इथे सगळेच गप्प झाले. रात्री आठला निघायचं ठरलं.

जाणार एक, गाडीत बसणार नऊ. सोडायला जाणं हे आमच्याकडे काम नाही, नातं आहे. यायला नाही सांगितलं तर पुढच्या लग्नात त्याचा उल्लेख होतो. हातावर दही-साखर, गाडीच्या चाकाखाली लिंबू, नारळ, ग्रामदेवतेचा अंगारा, आणि निघताना कुणी शिंकलं म्हणून पुन्हा पाच मिनिटं बसणं. शेजारच्या अण्णांना कुणी बोलावलेलं नसतं. ते आधीच येऊन पुढच्या सीटवर बसलेले असतात, कारण त्यांना मुंबईचे रस्ते माहीत आहेत. त्यांना माहीत असलेले रस्ते 1985 चे आहेत.

त्या रात्री पंक्चर झाली नाही, अपघात झाला नाही, पासपोर्ट खिशातच होता. सव्वादहाला आम्ही सहारला उभे. पुढचे सहा तास आम्ही विमानतळाच्या बाहेर काढले. दारावरच्या जवानाने तिकीट-पासपोर्ट बघून आतेभावाला आत घेतलं आणि आम्हाला नाही. आत्याने जवानाला विचारलं, "जरा बसवून येऊ का याला?" जवानाने मान हलवली. त्यात राग नव्हता, असे प्रश्न त्याला रोज येत असणार. मग काचेतून हात हलवणं. आतेभाऊ दिसेनासा झाला तरी आम्ही हात हलवत होतो. मधेच दुसराच एक गृहस्थ आम्हाला बघून हात हलवू लागला. त्याला सोडायला कुणी आलं नव्हतं. अण्णांनी त्यालाही जपून जा म्हणून खूण केली.

"आता निघू या," मी म्हटलं.

"उडालं की निघू," आत्या म्हणाली.

कुठलं विमान उडालं ते बाहेरून कळत नाही. दर दोन मिनिटांनी एक आवाज येतो आणि प्रत्येक आवाज आपल्याच माणसाचा वाटतो. साडेचारला आम्ही निघालो. पहाटे पळस्प्याला चहा झाला, भाकऱ्यांचं गाठोडं तिथेच सुटलं, आणि सातला घरी पोचलो. अंगणात गाडीतून उतरताना मी हिशोब केला. रात्री आठ ते सकाळी सात, अकरा तास. जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटर. ताशी बारा किलोमीटर पडले. साडेसातला आतेभावाचा फोन आला, पोचलो म्हणून. जाणाऱ्याला 1,930 किलोमीटरला सव्वातीन तास लागले होते आणि सोडायला गेलेल्यांना त्याच्या तिपटीहून जास्त. तरी थकला तोच होता. "रात्रभर झोप नाही," म्हणाला. आत्याने विचारलं, "बॅग उघडलीस का? चटणी सांडली नाही ना?"

जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचं विमान आणलं. त्या उड्डाणाबद्दल मला सगळ्यात हेवा वाटतो तो या गोष्टीचा, की टपालाच्या थैल्यांना सोडायला कुणाची आत्या आली नव्हती. पुढे पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, तेव्हा हे विमान पुण्याला उतरू लागलं. मुंबईची पत्रं आभाळातून पुण्यात यायची आणि पुढे घाट उतरायची. बोरघाटाने विमानालासुद्धा सोडलं नाही.

आता विमानतळ आमच्या जवळ आलंय. पाटीवरची पंधरा मिनिटं सोडून द्या, पण पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे जवळच. पनवेल ओलांडलं की आलंच. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली आणि आमच्या घरात त्याचा पहिला उपयोग झाला तो माझ्या भाचीला. तिला नोकरीसाठी हैदराबादला जायचं होतं. सरळ रेषेत सुमारे सहाशे किलोमीटर, विमानाने दीड तास. विमान सकाळी अकराचं. मी बेतलं, आठला निघू. देशांतर्गत विमानाला दोन तास आधी पोचलं की पुरे, आणि तेही पुष्कळ होतं. भाचीने मोबाइलवर आदल्या दिवशीच चेक-इन केलेलं. तिच्याकडे एकच पाठीवरची बॅग, तिचं वजन करायची कुणाला गरज वाटली नाही. मला वाटलं, एक पर्व संपलं.

पहाटे साडेचारला दारात इको गाडीचा हॉर्न वाजला. पुढच्या सीटवर अण्णा. मागे आत्या, मांडीवर डबा.

"आत्या, अगं तासाभराचा रस्ता आहे!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "जवळ आहे म्हणून लोक गाफील राहतात."

सहाला आम्ही पोचलो. नवं कोरं विमानतळ, सगळं चकचकीत, आणि बाहेर बसायची सोय इथली चांगली का सहारची, यावर अण्णांनी आणि आत्याने तुलना सुरू केली. भाची आठच्या सुमारास आम्हाला टाळून आत गेली. "तुम्ही जा ना, मामा," असं ती चार वेळा म्हणाली होती. अकरा दहाला एक आवाज आला. तो तिच्याच विमानाचा, असं बहुमताने ठरलं आणि आम्ही परत फिरलो. आता इतक्या लांब आलोच आहोत तर, म्हणून पनवेलच्या बाजारात शिरलो. आत्याने सुकट घेतली, अण्णांनी छत्री घेतली, गाडी वळवायला वीस मिनिटं गेली. मग पळस्प्याला दत्त स्नॅक्सला थांबणं आलंच. आत जागा मिळायला वेळ लागला, कोथिंबीर वडी यायला आणखी.

वडीची प्लेट टेबलावर ठेवली जात होती तेवढ्यात भाचीचा फोन आला. हैदराबादला उतरली होती, टॅक्सीत बसली होती. "तुम्ही पोचलात का घरी, मामा?"

आत्याने फोन माझ्या हातातून घेतला.

"तू नीट पोचलीस ना? मग ठेव आता. वड्या गरम आहेत."